छायाचित्रे कुठे दाखवावीत आणि कुठे ठेवावीत?

किनारपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार. मुंबईच्या जुन्या वस्त्या, बंदरे आणि बाजार हा माझ्या छायाचित्रणाचा विषय आहे. माझगाव, भायखळा, गिरगाव आणि ससून डॉक या भागांत मी नियमितपणे फिरतो, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत अर्थातच लालबाग-परळला. ही सगळी छायाचित्रे आजवर घरच्या हार्ड डिस्कवरच राहिली. फार तर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गेली, आणि तिथे ‘छान’ यापलीकडे कोणी काही बोलत नाही. आता ती विषयवार लावून अशा ठिकाणी मांडावीत, जिथे अनोळखी पण जाणकार माणसे ती सावकाश पाहतील आणि त्यांत काय जमले, काय फसले हे सांगतील, अशी मनापासून इच्छा आहे.

चौकशी केली तर जो तो आपापल्या ठिकाणाची शिफारस करतो. कोणी इन्स्टाग्राम म्हणतो, कोणी फ्लिकर, कोणी ५०० पीएक्स. एकाने तर गूगल फोटोजचा अल्बम करून दुवा पाठवत जा, असे सांगितले. चित्राचा दर्जा टिकावा, माहिती मराठीत लिहिता यावी, हक्क माझ्याकडेच राहावेत आणि उद्या ती सेवा गुंडाळली गेली तर माझे मला परत मिळावे, एवढे मला हवे आहे. वर्गणी भरण्याची तयारी आहे. मात्र एकदा सुरू केलेली वर्गणी वर्षानुवर्षे भरावी लागते, हेही डोक्यात आहे. ज्यांनी यात काही काळ घालवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नीलमोहर

माझे मत इन्स्टाग्रामला. पाहणारा जिथे आहे तिथे छायाचित्र गेले पाहिजे. मुंबईत मासिकाचा संपादक असो, लग्नाचा आयोजक असो किंवा नवे उपाहारगृह काढणारा असो, छायाचित्रकाराचे नाव कानावर पडताच तो आधी त्याचे इन्स्टाग्रामवरचे पान उघडतो. मी खाद्यपदार्थांची छायाचित्रे काढते आणि माझी बहुतेक कामे याच वाटेने आली आहेत. स्वतंत्र संकेतस्थळाचा पत्ता दिला तरी ‘इन्स्टा आयडी द्या ना’ असेच उत्तर येते. ज्या दालनात कोणी फिरकत नाही, तिथे उत्तम प्रकाशयोजना करून काय साधणार?

खेतवाडी

वाचत आहे. गिरगावची प्रचि (प्रकाशचित्रे) पाहायला मिळणार असतील तर मंच कुठलाही चालेल.

अर्धछाया

नीलमोहर यांचे म्हणणे काम मिळवण्यापुरते पूर्ण मान्य आहे. पण धागाकर्त्यांनी काम मागितलेले नाही. त्यांना सावकाश पाहणारी माणसे हवी आहेत, आणि तिथे इन्स्टाग्राम तोकडे पडते.

आधी आकाराचे पाहू. इन्स्टाग्राम छायाचित्राची रुंदी १०८० पिक्सेलवर आणते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातले आडवे चित्र साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. तिथे पोहोचेपर्यंत ते १०८० बाय ७२० होते, म्हणजे पाऊण मेगापिक्सेलच्या किंचित वर. ससून डॉकवरचे पहाटेचे एखादे रुंद चित्र डोळ्यांपुढे आणा. डावीकडे कोळंबी सोलत बसलेल्या बायका, मध्ये बर्फाची पाटी उचलणारा माणूस, मागे बोटींच्या डोलकाठ्या आणि त्यांवर फडफडणारी निशाणे. मोठ्या पडद्यावर त्या बाईच्या चिमटीतली कोळंबी आणि मनगटावरचे खवले दिसतात. फोनवरच्या त्या आडव्या पट्टीत ती बाईच नखाएवढी होते. असे चित्र तपशिलांवर उभे असते, आणि नेमका तोच तपशील वाटेत गळतो.

दुसरे म्हणजे, चौकट कशी असावी हे तिथे मंच ठरवतो. २०१५ पर्यंत चौकोनी कापल्याशिवाय चित्र टाकताच येत नसे. पुढे आडव्या-उभ्या चित्रांना मुभा मिळाली, आणि २०२५ मध्ये पानावरच्या चौकोनी चौकटींच्या जागी उभ्या चौकटी आल्या. फोन उभा धरला जातो, म्हणून चित्र उभे हवे. मी अशी माणसे पाहिली आहेत, जी आता मरीन ड्राइव्हची अर्धवर्तुळाकार रेषादेखील उभीच टिपतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जून २०२१ च्या अखेरीस स्वतःच सांगितले होते, की हे आता केवळ छायाचित्रे दाखवण्याचे अ‍ॅप राहिलेले नाही. त्यांनी इतके स्पष्ट सांगितल्यावर आपण तिथे फक्त छायाचित्रांसाठी जावे, हे मला पटत नाही.

नीलमोहर

अर्धछाया, तुमचे आकडे बरोबर आहेत. तरीही एक विचारते: तुमच्या ६००० पिक्सेलच्या चित्रापुढे मोठा पडदा घेऊन बसणारी माणसे आहेत किती? ९.१४ च्या फास्ट लोकलमध्ये दाराशी उभा राहून जो माणूस माझे चित्र पाहतो, त्याच्या हातात फोनच असतो. त्याला डोळ्यासमोर ठेवून चित्र घडवणे हेही छायाचित्रकाराचेच काम आहे.

जुनी रीळ

दोघांचेही पटते, पण मला काळजी वेगळीच आहे: टिकाऊपणाची. मी फिल्मच्या जमान्यातला माणूस. निगेटिव्ह जपून ठेवल्या तर चाळीस वर्षांनीही छापता येतात, हे माझ्या अनुभवाचे आहे. संकेतस्थळांचे तसे नाही.

फ्लिकरचेच पाहा. २००४ मध्ये व्हँकूव्हरमधील एका छोट्या कंपनीने ते सुरू केले, २००५ मध्ये याहूने विकत घेतले, २०१३ मध्ये प्रत्येक सभासदाला एक टेराबाइट जागा फुकट दिली गेली, २०१८ मध्ये ते स्मगमग या छायाचित्र-सेवेच्या कंपनीकडे गेले आणि २०१९ पासून मोफत खात्याला १००० छायाचित्रांची मर्यादा आली. २०२२ मध्ये त्या हजारातली खाजगी छायाचित्रे पन्नासांवर आणली गेली. मे २०२५ पासून मोफत खात्यांवरील मोठ्या आणि मूळ आकाराची छायाचित्रे उतरवून घेण्यावर बंधन आले. यात फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. छायाचित्रे साठवायला पैसा लागतो आणि तो कोणीतरी भरावाच लागतो. पण टेराबाइटच्या आशेवर ज्यांनी आपला सगळा संग्रह तिथेच ठेवला, त्यांची काय धावपळ झाली असेल याचा विचार करा.

गूगलचेही तेच. त्यांची पिकासा ही छायाचित्र-सेवा २०१६ मध्ये बंद झाली. गूगल फोटोज २०१५ मध्ये अमर्याद मोफत साठवणुकीचे आश्वासन देत आले आणि १ जून २०२१ पासून नवे येणारे सगळे १५ गीगाबाइटच्या हिशोबात धरू लागले. फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या चर्चापानांवरील चित्रे एका फटक्यात दिसेनाशी झाली. आपल्याकडच्या जुन्या भटकंतीच्या धाग्यांत आजही मजकूर शाबूत आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात, त्या अशाच कारणांनी. लिहिणाऱ्याने रायगडाच्या वाटेचे वर्णन करून ‘खालील प्रचि पाहा’ म्हटले आहे आणि खाली काहीच नाही.

म्हणून किनारपट्टी, दाखवण्याची जागा आणि ठेवण्याची जागा एकच धरू नका. मूळ फाइली घरी, दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरी. संकेतस्थळावर जाईल ती प्रत. ती गेली तरी पुन्हा टाकता आली पाहिजे.

शिवडीकर

जुनी रीळ काकांशी शब्दशः सहमत. थोडे अवांतर, पण याच विषयातले: मुंबईच्या पावसाळ्यात डिस्कसुद्धा लेन्सइतक्याच जपाव्या लागतात. समुद्राजवळच्या घरांत दमटपणामुळे जोडण्या गंजतात. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरते, फक्त जेल वेळच्या वेळी बदलावे.

आता मूळ मुद्दा. मी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो आणि माझ्यासाठी वरच्यांपैकी कोणतेच ठिकाण पहिले नाही. माझी छायाचित्रे आधी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरील यादीला जोडली जातात आणि तिथून ती कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले ग्रंथालयात जातात. हक्क माझ्याकडेच राहतात, तारीख आणि जागा चित्रासोबत राहते, आणि ओळख चुकली असेल तर आपल्याच भागातला जाणकार तपासनीस पत्र पाठवून विचारतो. मला मिळालेले सर्वांत उपयोगी अभिप्राय असे आले आहेत. ‘सुंदर’ असे कोणी लिहिले नाही. ‘पंखाखालचा रंग दिसेल असे दुसरे चित्र आहे का’ असे विचारले.

शिवडीच्या खाडीत ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो) उतरतात तेव्हाची चित्रे हजारोंनी इन्स्टाग्रामवर आहेत. बहुतेकांवर तारीख नाही, जागा म्हणून नुसते ‘मुंबई’. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीला खुला झाला, तो शिवडीतूनच सुरू होतो. त्याच्या आधी आणि नंतर पक्षी किनाऱ्याच्या कोणत्या भागात बसत होते, हे उद्या कोणाला अभ्यासायचे झाले, तर तारीख-जागा असलेलीच चित्रे कामास येतील. किनारपट्टी यांच्या जुन्या इमारतींनाही हे तंतोतंत लागू आहे.

जागेबाबत एक सावधगिरी मात्र हवी. आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आपोआप झाकले जाते; सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, एवढेच इतरांना दिसते. इतर ठिकाणी हे आपल्यालाच करावे लागते. फोनने काढलेल्या चित्रात अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. घुबडाचे घरटे असेल तर ते काढून टाकल्याशिवाय चित्र कुठेही टाकू नये. दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली गर्दी होते.

क्षणचित्रे

मी व्यवसायाने लग्नाचा छायाचित्रकार, डोंबिवलीत स्टुडिओ आहे. आमची गरज सर्वस्वी वेगळी. आम्हाला संपूर्ण लग्न संकेतशब्द लावून घरच्यांना दाखवायचे असते, त्यांनी अल्बमसाठी चित्रे निवडायची असतात आणि अमेरिकेतल्या आत्याला तिकडून ती उतरवून घेता आली पाहिजेत. त्यासाठी स्मगमगसारख्या, ग्राहकांसाठी बंद दालन देणाऱ्या सशुल्क सेवा बऱ्या पडतात.

काही वर्षांपूर्वी मी वापरत असलेल्या एका परदेशी सेवेने ऐन लग्नसराईत ‘महिन्याभरात दालने बंद होतील’ असे कळवले. मूळ चित्रे माझ्याकडे होती, पण कुटुंबांनी हृदयाची खूण करून केलेली निवड फक्त त्यांच्याकडे होती. ती बाहेर काढण्याची सोयच नव्हती. पडद्यावरच्या प्रत्येक पानाची चित्रे घेऊन, क्रमांक हाताने लिहून घेत आम्ही रात्री जागवल्या. त्यामुळे धागाकर्त्यांनी ‘परत मिळावे’ असे जे म्हटले आहे, त्यात चित्रांबरोबर शीर्षके, अल्बमांची रचना आणि टिपाही धराव्यात. सेवा निवडण्यापूर्वी ‘माझी माहिती मागवा’ ही सोय शोधावी आणि दहा-वीस चित्रे टाकून ती प्रत्यक्ष मागवून पाहावी.

अर्धछाया

क्षणचित्रे यांनी सुचवलेली चाचणी मी केली आहे. फ्लिकर आणि गूगल दोघेही संपूर्ण संग्रह मागवू देतात. शीर्षके, टिपा आणि अल्बमांची माहिती वेगळ्या फाइलींत मिळते. इन्स्टाग्रामकडून जे परत येते ती त्यांनी लहान केलेली प्रत असते. ज्याच्याकडे मूळ फाइल उरलेली नाही त्याने त्यावर भिस्त ठेवू नये.

दस्तऐवज

मी वकिली करते, आणि क्षणचित्रे यांच्या प्रतिसादामुळे एक महत्त्वाची गोष्ट लिहावीशी वाटते. छायाचित्र ज्याने काढले त्याचाच हक्क, असे सर्वजण गृहीत धरतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम १७ वेगळे सांगते: कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाची छायाचित्रे आपल्या पानावर प्रसिद्धीसाठी टाकायची असतील, तर तशी लेखी परवानगी कामाच्या करारातच घेतलेली बरी. हौसेने, स्वतःहून काढलेल्या छायाचित्रांचा हक्क मात्र काढणाऱ्याकडेच राहतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो.

दुसरा प्रश्न नेहमी विचारला जातो: इन्स्टाग्रामवर टाकले म्हणजे चित्र त्यांचे झाले का? तसे होत नाही. मालकी तुमचीच राहते. तुम्ही त्यांना ते वापरण्याची, दाखवण्याची, त्यात बदल करण्याची आणि पुढे इतरांना तशी परवानगी देण्याची विनामोबदला मुभा देता. ही मुभा बरीच व्यापक आहे, म्हणून अटी वाचाव्यात. कोणत्याही मंचाला एवढी मुभा लागतेच, कारण तिच्याशिवाय तुमचे चित्र दुसऱ्याच्या फोनवर दाखवताच येणार नाही. फरक पडतो तो चित्र काढून टाकल्यावर ही मुभा संपते का, आणि ती आणखी कशासाठी वापरली जाते, यात. सार्वजनिक केलेल्या चित्रांवर आपली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे शिकवली जातात, हे इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने उघडपणे सांगितले आहे.

कोणी तुमचे चित्र उचलून स्वतःच्या पानावर टाकले, तर त्या मंचाला लेखी तक्रार करता येते. आपल्या कायद्यातील कलम ५२ आणि २०१३ चे नियम यांनुसार, तक्रार नियमाप्रमाणे असेल आणि मंचाला ती योग्य वाटली, तर त्याने ३६ तासांत ते चित्र पाहण्यापासून रोखावे, अशी तरतूद आहे. मात्र २१ दिवसांत तुम्ही न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो ते पुन्हा खुले करू शकतो. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची फाइल) जवळ असणे हा अशा वेळी सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

क्षणचित्रे

ताई, कलम १७ बद्दल मनापासून आभार. आमच्या छापील करारात आगाऊ रक्कम, प्रवासखर्च, जेवण सगळे आहे. प्रसिद्धीच्या परवानगीचे कलम आजच घालतो.

मुक्तछंद

आतापर्यंत एका ठिकाणाचे नाव आले नाही म्हणून लिहितो: विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचा खुल्या चित्रांचा संग्रह. २००४ पासून चालू आहे, नफ्यासाठी नाही, जाहिराती नाहीत आणि चित्र मूळ आकारात, एक्झिफसह (कॅमेऱ्याने फाइलीत केलेल्या नोंदींसह) राहते. माझगावातल्या एखाद्या जुन्या इमारतीचे तुमचे चित्र तिथे गेले, तर मराठी विकिपीडियावरील लेखात ते वापरले जाईल आणि ती इमारत पाडली गेल्यावरही शोधणाऱ्याला सापडेल. रस्त्यावरून दिसणाऱ्या वास्तूंची आणि सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करण्यास आपला कायदा परवानगी देतो.

पण तिथले नियम आधी समजून घ्या. दिलेला परवाना मागे घेता येत नाही आणि त्यात व्यापारी वापरालाही मुभा द्यावी लागते. ज्याला हे जड वाटते त्याने तिथे चित्र देऊ नये. गणेशमूर्तींबाबत आणखी जपावे लागते, कारण मूर्ती ही मूर्तिकाराची कलाकृती असते आणि कायद्यातली सवलत ‘कायमस्वरूपी’ शिल्पांना आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जित होणारी मूर्ती त्यात बसवणे कठीण आहे.

अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांबाबत माझा विशेष आग्रह आहे. याहूने २०१४ मध्ये फ्लिकरवरील क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याची जवळपास दहा कोटी छायाचित्रे व चित्रफिती संशोधनासाठी एकत्र करून दिली. त्यातूनच आयबीएमने सुमारे दहा लाख चेहऱ्यांचा संच तयार केल्याचे २०१९ मध्ये बाहेर आले. परवाना पाहता बहुतेकांना आक्षेप घेण्यास जागा नव्हती, पण ज्यांचे चेहरे होते त्यांना कोणी विचारलेच नव्हते. भायखळ्याच्या भाजी मंडईतल्या हमालाने तुमच्याकडे पाहून हसून मान डोलावली, ती तुमच्यासाठी. म्हणून वास्तूंना खुला परवाना द्यावा आणि माणसांच्या चित्रांवर सर्व हक्क राखून ठेवावेत, असे मला वाटते.

जुनी रीळ

मुक्तछंद यांचा शेवटचा परिच्छेद फार मोलाचा आहे. आमच्या वेळी ज्याचे चित्र काढले त्याला पुढच्या फेरीत एक प्रत नेऊन द्यायची पद्धत होती. आजही किनारपट्टी यांनी ती पाळावी. चार बाय सहाच्या प्रतीला फारसा खर्च येत नाही, आणि पुढच्या वेळी लोक आपणहून बोलावतात.

जाणकार टीकेबद्दल मूळ प्रश्न राहूनच गेला. बाँबे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये या शहरात स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९३७ पासून आहे. छापलेले चित्र समोर ठेवून दहा माणसांनी त्यावर बोलायचे, ही या शहरातली जुनी रीत आहे. आंतरजालावर तिच्या सर्वांत जवळ काय जाते, तर फ्लिकरवरचे छोटे गट. मोठ्या गटांत आजही ‘सुंदर टिपले आहे’ याचीच रीघ असते. पण एकाच विषयाला वाहिलेले, पाच-पन्नास सभासदांचे गट शोधले, तर तिथे माणसे कडेचा एखादा खांब का कापला गेला यावरही बोलतात.

मंदप्रकाश

५०० पीएक्सबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. टोरोंटोत २००९ मध्ये सुरू झाले आणि सुरुवातीला तिथले काम पाहून दडपण यावे असा दर्जा होता. २०१८ मध्ये ते व्हिज्युअल चायना ग्रुपकडे गेले. त्याच वर्षी त्यांची स्वतःची विक्रीपेठ आणि क्रिएटिव्ह कॉमन्सची सोय दोन्ही बंद झाल्या. मला आता तिथे निसर्गदृश्यांची आणि चेहऱ्यांची तीच ती सफाईदार चित्रे जास्त दिसतात. गिरगावच्या चाळीतल्या जिन्याला तिथे वाचक मिळेल असे वाटत नाही.

वर्गणीवरच चालणारे ‘ग्लास’ २०२१ मध्ये आले. जाहिराती नाहीत आणि किती जणांना आवडले याचा आकडा चारचौघांत मिरवला जात नाही. माणसे थोडी आहेत, पण लिहितात. ‘पिक्सेलफेड’ वेगळ्या धाटणीचे: एकाच कंपनीचे नसून अनेक सर्व्हर परस्परांशी जोडलेले. मात्र सर्व्हर चालवणाऱ्या व्यक्तीच्या उत्साहावर बरेच अवलंबून असते, म्हणून मी तिथे प्रती ठेवतो, संग्रह ठेवत नाही.

अर्धछाया

मंच कोणताही घ्या, चित्र पाठवण्यापूर्वी ते तयार करा. रंगव्याप्ती, म्हणजे फाइलीतील रंगांचा आवाका, एसआरजीबी या सर्वसाधारण प्रकारची ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक रुंद व्याप्तीत जतन केलेले विसर्जन मिरवणुकीचे चित्र, मंचाने त्यातली रंगव्याप्तीची नोंद काढून टाकली की, फिके पडते. गुलाल विटकरी दिसतो आणि झेंडूचा भगवा मळकट. लांब बाजू २०४८ पिक्सेलच्या आसपास ठेवली तर पडद्यावर तपशील दिसतो आणि कोणी उचलले तरी मोठी छपाई करता येत नाही. १२ बाय १८ इंचांच्या चांगल्या छपाईला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. पावसाळी आकाश असेल तर फाइल दाबून लहान करण्याचे प्रमाण कमी ठेवा, नाहीतर करड्या ढगांत पट्टे उमटतात. वॉटरमार्क चित्राच्या मध्यभागी टाकू नये, असे माझे ठाम मत आहे: ज्या माणसाने सावकाश पाहावे अशी आपली इच्छा आहे, त्याच्याच डोळ्यांत तो खुपतो.

नीलमोहर

शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा. आणि किनारपट्टी, इतके सगळे वाचूनही इन्स्टाग्राम सोडू नका, एवढीच विनंती. आडव्या चित्राचे दोन-तीन उभे तुकडे करून सलग सरकवता येतील असे मांडा: आधी बाईचे हात, मग बर्फवाला, शेवटी अखंड चित्र. अर्धछाया यांच्या कोळंबीलाही न्याय मिळेल आणि पुढे पाहायचे असेल त्याला संग्रहाचा दुवा पानावर सापडेल.

किनारपट्टी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फ्लिकरचे सशुल्क खाते घेऊन तिथे विषयवार अल्बम लावायचे, असे ठरवत आहे. माणसांची चित्रे सर्व हक्क राखून आणि निवडक वास्तू कॉमन्सवर. नीलमोहर यांनी सांगितलेली तुकड्यांची मांडणी मला फार आवडली, ती इन्स्टाग्रामवर करून पाहीन. घरातल्या डिस्कची एक प्रत बहिणीकडे ठाण्याला जाईल.

एक शंका उरते. माहिती मराठीत लिहिली तर शोधात सापडेल का, आणि ती मंचावर लिहावी की आणखी कुठे?

अर्धछाया

मंचावर लिहू नका, फाइलीत लिहा. लाइटरूम, डार्कटेबल किंवा डिजिकॅम या छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक, वर्णन, छायाचित्रकार आणि हक्क यांसाठी आयपीटीसीचे (चित्राच्या फाइलीतच माहिती लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे) रकाने असतात आणि त्यांत देवनागरी व्यवस्थित बसते. फ्लिकर आणि कॉमन्स ते रकाने वाचतात, त्यामुळे दोन्हीकडे पुन्हा टंकावे लागत नाही, आणि उद्या मंच बदलला तरी माहिती चित्राबरोबरच जाते. इन्स्टाग्राम हे सगळे पुसून टाकते. तिथे मजकूर वेगळा चिकटवावा लागेल. खुणेचे शब्द देवनागरी आणि रोमन दोन्हींत द्या, कारण भायखळा शोधणारे दोन्हींत शोधतात.

शिवडीकर

वर्णनात रस्त्याचे जुने आणि नवे नाव, चित्र कोणत्या दिशेला तोंड करून काढले आणि महिना-वर्ष एवढे जरूर लिहा. इमारत पाडली गेली की शेजारच्या खुणाही बदलतात आणि नुसत्या नावावरून जागा ओळखू येत नाही.

खेतवाडी

इमारतींची नावे अडली तर इथेच विचारा. मी मुगभाट लेनमध्ये वाढलो. फणसवाडीपासून ठाकूरद्वारापर्यंतच्या बहुतेक चाळी मला मालकांच्या नावांनिशी माहीत आहेत, आणि जिथे माझी आठवण अपुरी पडेल तिथे आमच्या आईला विचारून सांगेन. पहिला अल्बम लावला की दुवा द्यावा.